हत्तीखान्याची शांतता

"हत्ती हा केवळ प्राणी नव्हे. हत्ती ही पृथ्वीची स्मरणशक्ती आहे. शेवटचा हत्ती ज्या दिवशी जाईल, त्या दिवशी माणूस स्वतःचं नावसुद्धा विसरेल!"

हे उद्गार प्राणिसंग्रहालयाच्या संचालकांनी एका पार्श्वभागाला उद्देशून काढले. पार्श्वभाग हत्तिणीचा होता. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती, आणि कित्येक दिवस तशीच उभी असल्यामुळे संग्रहालयातली सगळी महत्त्वाची भाषणं हल्ली त्याच बाजूला होत. शेपटी एकदा डावीकडून उजवीकडे गेली. संचालकांनी ती दाद समजून रुमाल काढला.

"माशी होती," राखणदार म्हणाला.

"तुम्हाला प्रत्येक वेळी बोलायलाच पाहिजे का?"

"नाही साहेब. पण माशी होती."

या हत्तीखान्यात पूर्वी दोघी होत्या, थोरली आणि धाकटी. सख्ख्या सोडा, चुलत बहिणीही नव्हत्या. थोरली लाकडाच्या वखारीतून आली होती. ओंडके ओढून ओढून तिचा मागचा पाय कायमचा वाकला होता. धाकटी सापडली तेव्हा एवढीशी होती. एका शेताच्या कडेला, विजेच्या कुंपणाजवळ, आईला टेकून उभी. आई पडली होती. माणसं आली, वीज बंद झाली, तरी पिल्लू बाजूला होईना. शेवटी त्याला उचलून इथे आणलं आणि थोरलीच्या पुढ्यात उभं केलं. थोरलीनं त्याला सोंडेनं वरपासून खालपर्यंत चाचपलं आणि दोन पायांच्या मध्ये ओढून घेतलं. तिथून पुढे नातं काय, हे कुणी विचारलं नाही.

म्हातारपणी थोरलीच्या दाढा गेल्या. मग धाकटी गवताची पेंढी घ्यायची, गुडघ्यावर आपटून धूळ झाडायची, त्यातलं कोवळं तेवढं थोरलीपुढे सरकवायची आणि दांडके स्वतः खायची. थोरलीनं तोंड हलवायला सुरुवात केल्याशिवाय धाकटी घास घेत नसे. पावसाळ्याच्या शेवटी थोरली गेली. धाकटीनं पहिली पेंढी नेहमीसारखी झाडून बाजूला सरकवली आणि वाट बघितली. मग ती भिंतीकडे वळली.

संचालकांनी दुसरी हत्तीण मिळवण्यासाठी जंगजंग पछाडलं. इतर संग्रहालयांनी उलट विचारलं, तुमचीच देता का? जंगलखात्यानं कळवलं की आहेत त्यांनाच जागा पुरत नाही आणि जागा आहे तिथे हत्ती पुरत नाहीत.

डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. "भूक नाही असं नाही," त्या म्हणाल्या, "एकटीनं जेवायचं नाहीये तिला. अशीच राहिली तर उन्हाळा काढणार नाही."

"मग उपाय?"

"दुसरा हत्ती."

"तो सोडून बोला."

"निदान दुसऱ्या हत्तीचा आवाज. लागू पडेलच असं नाही. पण आवाज दाराआड आहे असं वाटलं, तर वळेल कदाचित."

आवाज म्हटल्यावर संचालकांचा चेहरा उजळला. लहानपणी ते रेडिओवर मुलांचा एक कार्यक्रम ऐकत. त्याच्या सुरुवातीला हत्तीची अशी काही आरोळी येई की घरातली भांडी हलत. तीच आरोळी ऐकून आपण या पेशात आलो, असं ते दर समारंभात सांगत. आणि ती आरोळी मुद्रित झाली होती याच हत्तीखान्यात, या दोघींची!

ती ज्यानं मुद्रित केली, त्या निवृत्त ध्वनिमुद्रकाच्या दारात दुसऱ्याच दिवशी संचालक उभे राहिले.

या गृहस्थाला रेडिओत सगळे शांतताराव म्हणत. त्याला कारण होतं. कुठलंही मुद्रण संपलं की हा हात वर करी आणि म्हणे, "आता जरा शांतता." मग समोर मंत्री असो की गवई, सगळ्यांनी होते तिथे पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि शांततारावांनी त्या जागेची रिकामी शांतता टेपवर घ्यायची. भाषणातला खोकला कापला की तिथे ठिगळ लावायला ती लागते. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. शाळेतल्या भाषणाला इस्पितळातली शांतता जोडली, तर ऐकणाऱ्याला कारण न कळता घरी जावंसं वाटतं. आवाज घेताना सगळेच खालची घरघर कापणारं बटण दाबून ठेवत, पण शांततेला शांततारावांनी कधी ते बटण लावलं नाही. शांतता घ्यायची तर अख्खी घ्यावी, असं त्यांचं मत होतं. सहकारी म्हणत, "आम्ही आवाज जमवतो, हा न आलेले आवाज जमवतो."

त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत आणि मायक्रोफोनपासून लांब बसवत. वहिनींना धूळ सोसत नसे. त्यांची शिंक एकटीदुकटी यायची नाही. पहिली सूचना असे, दुसरी इशारा, आणि तिसरीला शेजारच्यांचं मांजर उठून दुसऱ्या गल्लीत जाई. तरी बाहेर कुठेही मुद्रण असलं की डबा घेऊन त्या बरोबर निघत. "तुम्ही दिवसभर जगाचं ऐकता, जेवायला हाक मारलेली तेवढी ऐकू येत नाही," हे त्यांचं कारण. टेपवर मध्येच कुठे त्यांचं 'अहो' आलं, की शांतताराव ते पात्यानं अलगद कापून टाकत. या कामात त्यांचा हात इतका साफ होता, की वहिनी गेल्यावर त्यांनी कपाट उपसलं तेव्हा त्या एवढ्या टेपांत कुठेच निघाल्या नाहीत. मंत्र्यांचे खोकले होते, बेडूक होते, एका मोडक्या घड्याळाचा शेवटचा टोला होता. वहिनी नव्हत्या. शांततेचे डबे त्यांनी उघडलेच नाहीत. शांततेत काय शोधायचं? ती घरात भरपूर होती.

आता घर मुद्रणासाठी अगदी आदर्श झालं होतं आणि त्यात मुद्रित करण्यासारखं काही उरलं नव्हतं. शांतताराव सकाळी एका माणसाचा चहा करत. भांडं दोघांचं होतं, म्हणून चहा तळाला लागे.

"ती आरोळी हवी आहे," संचालक खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले.

"ती नको," शांतताराव जरा घाईनं म्हणाले.

"का?"

"जुनी आहे. मी नवी आणून देतो. रानातली, ताजी."

"पण तीच का नको?"

"साहेब, चहा घेता का? लागलाय थोडा, पण गरम आहे."

अशा रीतीनं, नातवंडं असती तर त्यांना गोष्टी सांगण्याच्या वयात, शांतताराव यंत्र खांद्याला लावून जंगलाच्या कडेला जाऊन राहिले. तिथला वनरक्षक बोलका होता. बोलायला माणूस मिळत नसल्यामुळे तो साठलेलं सगळं बोलत होता.

"हत्तीचा आवाज पाहिजे? वा! लोक फोटोला येतात, आवाजाला तुम्हीच पहिले."

"मिळेल ना?"

"आवाज भरपूर मिळतील. हत्तीचा मिळेल का, ते बघू."

आवाज खरंच भरपूर मिळाले. पहाटेपासून पाणवठ्याशी बसलं की आधी दगडाच्या खाणीतला सुरुंग, मग खडी वाहणारे ट्रक. उन्हं वर आली की हत्तींच्या जुन्या वाटेवरून रूळ टाकले होते तिथून गाडी, आणि तिची शिट्टी दरीत उरेपर्यंत दुसरी गाडी. दुपारी सगळं थांबलं की कुंपणाच्या तारेचं गुणगुणणं. संध्याकाळी शेतावरून फटाके.

"हे कशाचे?"

"हत्ती येऊ नयेत म्हणून."

"आलेत का?"

"येऊ नयेत म्हणून म्हटलं ना. आल्यावर मशाली असतात. त्यांचा आवाज नाही येत, वास येतो." वनरक्षकानं तपकीर ओढली. "तुमचं काय आहे, तुम्ही जरा उशिरा आलात. माझ्या बापाच्या वेळी कळप यायचा तेव्हा दोन डोंगर आधी कळायचं. आता सुळेवाला नर तर मी कित्येक वर्षांत बघितला नाही. सुळ्यांसाठी मारले. बिनसुळ्याचे उरलेत, त्यांनाही काय फार भाव आहे असं नाही."

मुक्काम संपायच्या आदल्या दिवशी, सूर्य बुडता बुडता, वनरक्षकानं शांततारावांच्या दंडावर हात ठेवला. रस्त्यापलीकडची झाडी न हलता दाट झाली. मग त्यातून एक म्हातारी हत्तीण बाहेर आली आणि रस्त्याच्या कडेला थांबली. ट्रक जाईपर्यंत थांबली. तिच्यामागे बाकीचे, पिल्लं पोटाखाली घेऊन. एकामागून एक त्यांनी रस्ता ओलांडला, आणि शांततारावांच्या कानांवरच्या हेडफोनमध्ये पाचोळासुद्धा वाजला नाही. एका पिल्लानं सोंड वर केली, तर शेजारणीनं आपली सोंड त्याच्या तोंडावर ठेवली. एवढे सगळे डोंगरासारखे जीव, चोरासारखे आपल्याच वाटेनं निघून गेले.

"बोलले का नाहीत?" शांततारावांनी विचारलं.

"बोलले की लोकांना कळतं," वनरक्षक म्हणाला. "शिकलेत आता. मिळालं का तुम्हाला?"

शांततारावांनी टेप मागे घेऊन ऐकली. एक ट्रक, मग काही नाही, मग दुसरा ट्रक.

परत आल्यावर हत्तीखान्यात सगळी तयारी झालेली होती. साध्या कर्ण्यातून हत्तीचा आवाज मांजरासारखा येतो, म्हणून बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या पडद्यामागचं लाउडस्पीकरचं कपाटाएवढं धूड हातगाडीवरून आणून गजांशी उभं केलं होतं. संचालकांनी एक छोटंसं भाषणही तयार ठेवलं होतं. धाकटी भिंतीशी होती. तिच्या फासळ्या आता लांबूनही दिसत होत्या, आणि पायाशी सकाळचं गवत जसंच्या तसं पडलेलं होतं.

रानातली टेप लागली. पहिल्याच ट्रकला धाकटीनं कान दाबून घेतले. कुंपणाची तार गुणगुणायला लागली, तशी ती थरथरली आणि कपाळ भिंतीत घुसवायला लागली.

"बंद करा!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. शांततारावांनी आधीच बंद केलं होतं.

"यात हत्ती कुठे आहेत?" संचालकांनी विचारलं.

"शेवटी आहेत. पण बोलत नाहीत."

"मग ती जुनी लावा! लावाच. सोबत आणली आहे ना?"

शांततारावांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, राखणदाराकडे पाहिलं आणि सुटका नाही हे ओळखून पिशवीतला डबा काढला. आरोळी उठली. छपराचे पत्रे हलले. माकडांच्या पिंजऱ्यात एकच कल्लोळ झाला. संचालकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. धाकटीनं शेपूटसुद्धा हलवलं नाही.

"पुन्हा लावा," संचालक गहिवरून म्हणाले.

"उपयोग नाही साहेब." शांततारावांनी घसा साफ केला. "त्या दिवशी दोघी अख्ख्या दुपारभर काही बोलल्याच नाहीत. नुसत्या उभ्या. कार्यक्रम तर संध्याकाळी होता. ही आरोळी आमच्या नाटक विभागातल्या टंकलेखकाची आहे."

"टंकलेखकाची?"

"झारीत तोंड घालून काढली होती. झाडांना पाणी घालायच्या."

संचालक आपलं सबंध आयुष्य मनातल्या मनात मागे घेऊन पुन्हा ऐकत असावेत.

"झारी मोठी असणार," शेवटी राखणदार म्हणाला.

डॉक्टरीणबाई पायरीवर बसल्या. "म्हणजे थोरलीचा आवाज कुठेच नाही."

"नाही," शांतताराव म्हणाले. हे वाक्य म्हणायची त्यांना घरी सवय होती. "असावा असं वाटतं आपल्याला. वेळ होता तेव्हा घेतलेला नसतो."

संचालकांनी रुमालात नाक शिंकरलं आणि पुन्हा धीर धरला. "रानातल्याच टेपचा शेवट लावा, ट्रक वगळून. हत्ती चालले तर असतील ना? पावलं तरी येतील."

शांततारावांना खात्री नव्हती. पण काम म्हटलं की त्यांचे हात आपोआप चालत. एवढी बारीक पावलं ऐकवायची तर यंत्राची घरघर आधी काढायला हवी. त्यासाठी त्यांची एक जुनी रीत होती. ज्या जागेत वाजवायचं, त्या जागेचीच शांतता लावायची आणि आवाज शेवटपर्यंत वाढवायचा. खोलीनं ती ओळखली नाही, तर दोष यंत्रात आहे असं समजायचं. आरोळीच्या डब्याशेजारचा डबा त्यांनी उघडला. त्यात त्याच दुपारची हत्तीखान्याची शांतता होती. प्रसारित कधी झाली नव्हती, म्हणून कुणी तिला पातंही लावलं नव्हतं.

त्यांनी सवयीनं हात वर केला. "आता जरा शांतता."

चक्र फिरू लागलं. शांततारावांनी बटण पिरगाळत पार टोकाला नेलं. धुडातून काहीच आलं नाही.

"काही येत नाहीये," संचालक कुजबुजले.

"येऊ नयेच."

पण गजांवरची साखळी बारीक किणकिणायला लागली होती. डॉक्टरीणबाईंनी छातीवर हात ठेवला आणि त्या उठून उभ्या राहिल्या. संचालक काहीतरी विचारायला निघाले, तोच त्यांची कवळी आपणहून वाजली. त्यांनी घाबरून तोंड मिटलं.

"बोलतायत," डॉक्टरीणबाई ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. "ह्यांचं अर्धं बोलणं आपल्या कानांच्या खालून जातं. मी पुस्तकात वाचलं होतं. त्या दुपारी दोघी नुसत्या उभ्या नव्हत्या हो. बोलत होत्या."

धाकटीचे कान आधी सुटले. मग ते हळूहळू पसरले, दाराच्या दोन पाखांसारखे. तिनं एक पाय उचलला, अधांतरी धरला, ठेवला. मग ते एवढं अंग भिंतीपासून वळलं, आणि पावसाळ्यानंतर पहिल्यांदा हत्तीखान्यातल्या माणसांनी तिचं तोंड पाहिलं. डोळ्यांखालून कानशिलापर्यंत ओला पट्टा होता. ती गजांशी आली. सोंड बाहेर काढून तिनं ते धूड वरपासून खालपर्यंत चाचपलं, कडा, खिळे, फाटकं कापड. साखळी आता दुप्पट वाजत होती. ती उत्तर देत होती.

राखणदाराला बोलायचं सुचलं नाही.

धाकटी मागे गेली. सकाळच्या गवताची पेंढी उचलली, गुडघ्यावर आपटली, एकदा, पुन्हा एकदा. धुळीचा लोट उठून कवडशात तरंगायला लागला. तिनं त्यातलं कोवळं निवडून गजांतून बाहेर सरकवलं, धुडाच्या अगदी पायाशी, आणि वाट बघत उभी राहिली. साखळी किणकिणत राहिली. मग तिनं दांडके उचलले आणि तोंडात घातले. चावण्याचा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू आला.

संचालकांनी तयार केलेलं भाषण खिशातच राहिलं. डॉक्टरीणबाई तोंडावर हात धरून उभ्या होत्या. शांततेच्या शेवटी शांतताराव नेहमी बटण दाबत. आज हात बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. धाकटी जेवत होती. त्यांनी टेप तशीच चालू दिली.

टेपवर कुणाचा तरी पाय सरकला. गवत चुरचुरलं. कुणीतरी नाक दाबून धरल्यासारखा श्वास आत ओढला. आणि मग त्या कपाटाएवढ्या धुडातून, सबंध हत्तीखाना भरून टाकत, अगदी जवळून, अगदी काकुळतीला येऊन, वहिनी म्हणाल्या,

"अहो, झालं का तुमचं? आता शिंकू?"